धाकटीच्या रोपांना दुप्पट टॉनिक

दूध वर यायला आणि दार वाजायला एकच गाठ पडली. आमचे हे दुसरा मोजा शोधत पलंगाखाली अर्धे गेले होते, वॉशिंग मशीन जागच्या जागी थयथयाट करत होतं, आणि आपला कंगवा कुणी घेतला म्हणून लेक आतून ओरडत होती. मी गॅस बंद केला, ओट्यावर उतू गेलेल्या दुधावर फडकं टाकलं आणि ओल्या हातानंच दार उघडलं.

दारात टॉनिककाका. दोन्ही हातांत रोपांचा ट्रे, त्यावर ओलं गोणपाट.

“वहिनी, पायानं वाजवलं दार. हात मोकळे नव्हते,” ते म्हणाले. ही माफी त्यांनी इतक्या पडक्या आवाजात मागितली की मला वाटलं, घरात कुणाचं काही बरंवाईट झालं.

“असू दे हो. आत या.”

“आत नको. एवढंच करा, हा ट्रे आमच्या धाकटीला द्या. टोमॅटोचा आहे. माझं नाव काढू नका.”

“मग काय सांगू तिला? आभाळातून पडला?”

“नर्सरीतून आणला म्हणा.”

मी गोणपाट उचलून पाहिलं. रोपं कशी, हाताळू नयेत अशी हिरवीगार. आणि ट्रेच्या कडेला कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली. अशी पट्टी आख्ख्या वस्तीत एकच माणूस कातरतो.

“काका, तुमचं घर आणि तिचं घर यांच्यामध्ये एक भिंत. ती काय तुमचा ट्रे ओळखणार नाही? झालंय काय?”

त्यांनी ट्रे नुसता पुढे केला. कान मात्र लालभडक झाले. गोरा माणूस असला की ही पंचाईत, तोंड गप्प ठेवलं तरी कान बोलतात.

टॉनिककाकांचं खरं नाव आमच्या गल्लीत फार तर पोस्टमनला ठाऊक असेल. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी उभा जन्म कंपाउंडर म्हणून काढला. लाकडी खिडकीमागे उभं राहून औषधाच्या बाटल्या भरायच्या, बाटलीच्या पाठीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवायची, म्हणजे एका खाचेला एक डोस. कुणी फिकट चेहऱ्याची मुलगी खिडकीशी आली की हे अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढून बघायचे, आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायच्या आधीच ह्यांचा हात लोहाच्या टॉनिकपाशी पोचलेला असायचा. बहुतेक वेळा डॉक्टरही तेच लिहायचे. काही आठवड्यांनी ती मुलगी गालांवर लाली घेऊन आली की काका खुशीत म्हणायचे, “बघा, आलं की नाही रक्त?” मीही त्या बाटल्या रिचवल्या आहेत. चव अशी, की गंजलेली खिडकी चाटावी. पण उपयोग व्हायचा, हे नाकारता येत नाही.

डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला. काकांनी मागच्या अंगणात हिरवी जाळी ताणली आणि भाजीची रोपं करायला घेतली. कंपाउंडरचा हात, जात्याच नेमका. एका खळग्यात एकच बी, तेही एकाच खोलीवर. आमच्या कॉलनीच्या मागची पडीक जागा काही घरांनी मिळून साफ केली, वाफे वाटून घेतले आणि तिला मळा म्हणायला लागलो, तेव्हापासून सगळ्यांची रोपं काकांकडूनच येतात. माझा वाफा कोथिंबिरीपुरता, पण मिरचीची रोपं मीही त्यांच्याकडूनच नेलेली.

फक्त काका दवाखाना विसरले नाहीत. रोपाकडे आले की पान अंगठ्यानं उलटं करून बघायचे, अगदी पापणी ओढावी तसं. पान पिवळट दिसलं की निदान ठरलेलं. “ह्याला रक्त कमी आहे.” मग हिराकशीचे हिरवट खडे पाण्यात विरघळायचे, म्हणजे लोहाचं पाणी तयार. भिंतीकडेच्या वाफ्यांत कुणीतरी पूर्वी चुन्याचा राडारोडा पुरला होता. तिथली झाडं खरोखरच लोहावाचून पिवळी पडली होती, आणि काकांनी हे पाणी पानांवर फवारल्यावर ती हिरवी झाली. झालं. त्या दिवसापासून ते टॉनिककाका. नाव चिडवायला ठेवलेलं, पण त्यांना ते मनातून आवडायचं.

धाकटी म्हणजे त्यांची भावजय. काकांचा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला, घरी पाहुण्यासारखा येतो. ती शिवणाच्या दुकानात होती, ते दुकान मोडीत निघालं. मग तिनं ह्या वेळी पहिल्यांदा मळ्यात वाफे घेतले. मळ्याचा कारभार बेकरीवाल्या बाई बघतात. त्यांनी तिला शब्द दिला होता की टोमॅटो चांगले आले तर सँडविचसाठी सगळे मीच घेईन. धाकटी कामाला लागली ती अशी, की वाफ्याच्या कडासुद्धा तिनं टीप मारल्यासारख्या सरळ केल्या.

आणि तिच्या टोमॅटोनं मान टाकली. एकदम नाही. नुसती वाढच थांबली. खालच्या पानांवर तांबूस तपकिरी ठिपके, पानं उलटी केली तर जांभळी झाक, वरची कोवळी पानं शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. काकांनी येऊन पान उलटलं, “रक्त कमी” म्हणाले आणि पट्टी लावलेली बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती ओतली. झाडं आणखी बसली. एकदा तिनं एक रोप उपटून त्यांच्यापुढे धरलं. “भाऊजी, मुळं अशी तपकिरी का हो?”

काका हसले होते. “मुळं मातीतच असतात, बाई. पांढरी राहायला ती काय दात आहेत?”

पुढे बेकरीवाल्या बाईंनी मळ्यात सगळ्यांदेखत विचारलं, की बाकीच्यांचं ठीक आहे, मग हिचंच असं का? तेव्हा काका बोलून गेले, “रोप माझं खणखणीत होतं. पाणी कळावं लागतं. हिच्या हातून शिवण गेलं, आता हे.”

मी तिथे होते. कुणी हसलंसुद्धा नाही. धाकटीनं हातातली झारी खाली ठेवली, तीही हळूच, आवाज होऊ न देता, आणि घरी गेली. त्यानंतर ती मळ्यात यायची ती सगळे उठून गेल्यावर.

आज सकाळी बेकरी उघडायच्या आधी मळ्यात बैठक होती. धाकटीचे वाफे काढून चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्यांना द्यायचे, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. आणि काका हा ट्रे घेऊन माझ्या दारात.

शेवटी मी ट्रे त्यांच्या हातातून काढून घेतला आणि ओट्यावर ठेवला. ट्रे आत गेल्यावर त्यांनाही आत येणं भागच पडलं. खुर्ची दिली तर तिच्या काठावर टेकले. चहा पुढे केला, तो तसाच राहिला.

“हा ट्रे मी विसरलो होतो,” ते चपलांकडे बघत म्हणाले. “पिंपामागे राहिला होता. वरच्या नळाचं ठिबकणारं पाणी तेवढं मिळालं त्याला. ना औषध, ना बोअरचं पाणी. परवा पिंप हलवलं तर हा असा. आधी मला रागच आला, वहिनी. मी इतकं करतो त्यांना काही नाही, आणि ह्या बेवारशाला ही तकाकी!”

मग त्यांनी एक रोप ह्यातलं उपटलं आणि एक धाकटीच्या वाफ्यातलं, ती नसताना जाऊन. दोन्हींची मुळं बादलीत धुतली. ह्याची मुळं पांढरीशुभ्र, केसासारखी मोकळी. तिच्या रोपाची मुळं आखूड, जाडसर आणि तांबडी. खूप चोळली, पण तो रंग सुटेना.

ते दोन्ही रोपं रुमालात गुंडाळून शेतीच्या सल्ला केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी मुळांना नखानं खरवडून बघितलं आणि विचारलं, “लोह किती घालताय?”

“बाईंना मी सांगितलं, थोडं. त्या म्हणाल्या, थोडं म्हणजे किती? मग मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, कुणी सांगितलं हे घालायला?” त्यांनी कप उचलला, परत ठेवला. “मी म्हटलं, आहे एक ओळखीचा.”

मला हसू येत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं.

“मग?”

“मग काय. त्या म्हणाल्या, त्या तुमच्या ओळखीच्याला सांगा, की माणसाचं औषध झाडाला लावू नकोस. आणि पंधरा मिनिटं त्या मला समजावत होत्या, त्याला कसं समजवायचं ते. मी मान डोलावत होतो. हो, सांगतो त्याला. हो, तसा जरा हट्टीच आहे तो.”

त्या बाईंचं म्हणणं काकांनी मला सांगितलं ते असं. पाणी तुंबलेल्या, आंबट झालेल्या मातीत लोह फार झालं की ते मुळांभोवती गंजासारखं साचतं. चहाची गाळणी चोथ्यानं भरली की वरचा चहा वरच राहतो, तसं होतं, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, त्या गंजाला चिकटून बसतं, मुळांच्या हाती लागत नाही, म्हणून पानांना जांभळी झाक. जस्त आणि मँगनीज आत घ्यायची वाट लोहानंच अडवलेली असते, म्हणून कोवळी पानं पिवळी. आणि ते पिवळेपण लोहाच्या उपासासारखंच दिसतं. बघणारा फसतो, आणखी लोह ओततो. मोठं झाड एखादवेळेस निभावून नेतं, नव्या भागात मुळं सोडतं. कोवळ्या रोपाची मुळं ती केवढी? त्याचं सगळं पुढचं आयुष्य त्या चार तंतूंवर.

“पण मग तिचंच का?” मी विचारलं. “आमच्या मिरच्या तर ठीक आहेत.”

ह्या प्रश्नाची त्यांना भीती वाटत असावी. त्यांनी चष्मा काढला.

“तुम्हाला सगळ्यांना मी मापानं दिलं. तिच्या ट्रेंना दुप्पट. घरचं माणूस ना. भाऊ लांब असतो. म्हटलं, हिची रोपं सगळ्यांच्या वर गेली पाहिजेत. पाणीसुद्धा तिच्या ट्रेंना जास्त, तेही माझ्या बोअरचं. त्या पाण्यानं माझी टाकी आतून लाल झाली आहे, रोज बघतो मी. ट्रे पाण्यात डुंबत असायचे. आणि वर मी सगळ्यांसमोर म्हटलं, की हिला पाणी कळत नाही.”

पलंगाखालून मोजा सापडल्याची आरोळी आली. आम्ही दोघंही दचकलो.

“काका,” मी म्हटलं, “हा ट्रे मी देईन. पण मग आज तिचे वाफे जातील आणि ट्रे लावायला तिला जागाच उरणार नाही. ह्याचा काही विचार केलात?”

“तुम्ही बोला ना बैठकीत. तुमचं ऐकतात सगळे. म्हणावं, मातीचा दोष असेल.”

“माती काय करणार बिचारी. तिला कुठे बोलता येतं.”

ते उठले. मला वाटलं, रागावले. दारापर्यंत गेले, परत फिरले आणि ओट्यावरचा ट्रे उचलला. “तुम्ही येताय ना?” एवढंच म्हणाले. मी ह्यांना ओरडून सांगितलं की चहा झाकून ठेवलाय, आणि पायांत चपला सरकवल्या.

मळ्यात मंडळी जमली होती. बेकरीवाल्या बाईंच्या कोपरापर्यंत पीठ. “लवकर उरका बाबांनो, पाव भट्टीत आहेत,” त्या म्हणत होत्या. चष्मेवाले हातात वांग्याच्या बियांची पाकिटं घेऊनच आले होते. माणसानं निदान ती खिशात तरी ठेवावीत. काकू, म्हणजे टॉनिककाकांची बायको, कुंपणाशी उभी होती. आणि धाकटी तिच्या वाफ्याच्या टोकाला, खुरपं आणि झारी स्वच्छ धुऊन पायाशी ठेवलेली. परत करायला.

“मी सोडते वाफे,” तीच आधी बोलली. “माझं पाणी चुकलं. उगाच चर्चा नको.”

काका पुढे झाले. ट्रे छातीशी. “त्याचं काय आहे, काही वेळा जमिनीत लोहाचं प्रमाण, म्हणजे बोअरच्या पाण्यातसुद्धा, निसर्गतःच…”

“काका, व्याख्यान नंतर,” चष्मेवाले म्हणाले. “पाव करपतील.”

दोघं-तिघं हसले. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता हसण्याच्या आडोशानं मागे सरकणार. एक पाऊल ते सरकलेही. तेवढ्यात धाकटीनं झारी उचलून बेकरीवाल्या बाईंपुढे धरली.

“ठेव ती खाली,” काका म्हणाले. “हिचं पाणी चुकलं नाही. माझं औषध चुकलं.”

त्यांनी ट्रे जमिनीवर ठेवला, धाकटीच्या वाफ्यात वाकून एक रोप उपटलं, ट्रेमधलं एक काढलं आणि दोन्ही हात पुढे करून दोन्ही मुळं सगळ्यांना दाखवली. सांगताना त्यांनी काही गाळलं नाही. दुप्पट डोस सांगितला, लाल टाकी सांगितली. सल्ला केंद्रातला तो ओळखीचा माणूसही सांगितला. त्यावर मात्र बेकरीवाल्या बाईंना हसू आवरेना, त्यांनी पिठाचा हात तोंडावर धरला. काका नाही हसले.

“घरी चहात साखर घालताना दहादा विचारतात, किती घालू, पुरे का,” काकू कुंपणावरून म्हणाली. “रोपांना नाही विचारलं.”

धाकटी इतका वेळ त्या तांबड्या मुळांकडे बघत होती.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “मुळं अशी का, म्हणून.”

“हो.”

“तुम्ही हसलात.”

“हसलो.”

“आणि ती बाटली. मी खाच बघून ओतली, भाऊजी. प्रकाशात धरून, डोळ्यांसमोर आणून. एक थेंब इकडचा तिकडे नाही. माझ्या हातानं घातलं मी ते. आणि झाडं मरायला लागली तेव्हा मला वाटलं, खाच नीट दिसली नसेल आपल्याला. मी डोळे तपासून घेतले. विचारा ह्या चष्मेवाल्यांना.”

चष्मेवाले पाकिटांशी चाळा करत म्हणाले, “आल्या होत्या. नंबर काही वाढला नव्हता.”

काकांचे हात अजून तसेच पुढे, दोन्ही मुठींत दोन रोपं, आणि ती कुठे ठेवावीत हे त्यांना कळत नव्हतं. शिवणाबद्दल ते बोलले होते तेही त्यांना आठवलं असावं. “मी ते शिवणाचंही बोललो,” ते म्हणाले. “ते तर कशातच बसत नव्हतं. ते नुसतं लागावं म्हणून बोललो.”

धाकटीनं मान वळवली. डोळे पुसले की नाही हे मी बघितलं नाही. काही गोष्टी न बघितलेल्या बऱ्या.

बेकरीवाल्या बाईंनी हात झटकले. “वाफे हिचेच. ह्यात आता मत-बित काही नको. माती तपासून घेऊ, तोवर पाणी निथळू दे. केंद्रातल्या बाई चुना टाका म्हणाल्या तर किती तेही त्यांनाच विचारू. काकांना नाही.”

“मग माझी वांगी?” चष्मेवाले म्हणाले.

“कुंडीत लावा,” काकू म्हणाली.

मंडळी पांगली. बाई तर जवळजवळ पळतच गेल्या, करपल्याचा वास मलाही आला होता. मी जरा मागे रेंगाळले, कारण काका जागचे हलेनात. धाकटी वाफ्याशी बसून मेलेली रोपं उपटत होती. एकेक रोप उपटायची, मूळ बघायची आणि बाजूला टाकायची. काकांनी ट्रे तिच्याजवळ नेऊन ठेवला, पण फार जवळ नाही.

“हा टॉनिकाविना वाढलाय,” ते म्हणाले. “माझा हात लागलेला नाही त्याला. म्हणून बरा आहे.”

तिनं ट्रेकडे बघितलं. घेतला नाही, परतही केला नाही. एका रोपाचं पान तिनं उलटं केलं, खालून बघितलं, सोडून दिलं.

“राहू दे तिथे,” ती म्हणाली. “माती तपासून आली की बघेन. आणि ह्यापुढे माझ्या वाफ्याला काय घालायचं ते मी ठरवीन, भाऊजी. घरचं माणूस-बिणूस मला नको. बाकीच्यांना जे माप तेच मला.”

“बरं.”

“बाटली तर मुळीच नको.”

“बरं.”

आता जातील, असं मला वाटलं. ते गेले नाहीत. चपलेच्या टोकानं त्यांनी वाफ्याची कड सारखी केली, मग ती आपण बिघडवली तर नाही ना, म्हणून वाकून बघितलं. गेल्या काही वर्षांत ह्या माणसाला मळ्यात गप्प उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. कुणाच्या ना कुणाच्या पानाला त्यांचा अंगठा लागलेलाच असायचा. आता दोन्ही हात पाठीमागे धरलेले.

“अगं,” ते म्हणाले, “एक मागू का?”

तिनं उपटणं थांबवलं, पण वर बघितलं नाही.

“ही रोपं लावल्यावर पाणी घालशील तेव्हा मला हाक मार. मी काही बोलणार नाही. तू कसं घालतेस तेवढं मला बघू दे.”